नाशिकचा पौष आणि पाण्यांतला अग्नि

नाशिक हें क्षेत्र म्हणून अवघ्या महाराष्ट्रास परिचित आहे. रामकुंड, काळाराम, पांडवलेणीं, सिंहस्थ यांचीं वर्णनें मासिकांतून इतक्या वेळां येऊन गेलीं आहेत कीं, त्यांत भर घालण्याचें धाडस मी करणार नाहीं. माझा विषय निराळा आहे. गेल्या पौषांत मी नाशकास बहिणीकडे तीन आठवडे राहून आलों. तेथील थंडी, त्या थंडींत एका कांचेच्या पेटींत राहणारे अठरा मासे, आणि त्या माशांपायीं एका भरल्या घरास लागलेली काळजी, एवढ्यापुरतेंच हें प्रवासवर्णन आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या घरांत लहान मुलें आहेत, वृद्ध माणसें आहेत, आणि हौसेनें आणलेली माशांची पेटीही आहे, त्या घरांत पाणी आणि वीज यांची रोज गांठ पडत असते. ती गांठ जितकी उपयोगाची, तितकीच प्रसंगीं जिवावर बेतणारी आहे.

आम्ही रत्नागिरीकर. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे अंगावर एखादें उपरणें ओढून घ्यावें, एवढीच. जानेवारींतही रात्रीं पारा बहुधा १८-२० अंशांच्या आसपास थांबतो. (या लेखांत सर्वत्र सेल्सिअसचे अंश समजावे.) गांवाला लागूनच झाडगांव येथें सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचें मत्स्यालय आहे. शाळेंत असतांना मी दरवर्षीं मुलांस तेथें घेऊन जात असें. मुलें नाना प्रश्न विचारीत, पण “गुरुजी, माशांना थंडी वाजते का?” हा प्रश्न कोणीं विचारल्याचें मला स्मरत नाहीं. कोंकणांत तो सुचायचाच नाहीं. वास्तविक प्रश्न मोठा मार्मिक आहे. आपलें शरीर आपली उष्णता आपणच राखतें. बाहेर गारठा असो वा उन्हाळा असो, आंत फारसा फरक पडत नाहीं. बहुतेक माशांचें तसें नाहीं. पाणी जितकें उष्ण, तितकाच तो मासा उष्ण. पाणी गार झालें कीं त्याचें अन्नपचन मंदावतें, हालचाल मंदावते, आणि रोगाशीं झगडण्याची शक्तीही मंदावते. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठण्याचा जो रोग माशांस होतो, तो अशा गारठ्यानंतर हटकून डोकें वर काढतो.

माझ्या बहिणीचें घर जुन्या नाशकांत गोदावरीच्या उजव्या तीरावर आहे. घर म्हणजे वाडाच: मेहुण्यांच्या मातोश्री, ज्यांस सर्व घर आजी म्हणतें, त्यांचें वय ८६, मेहुणे आणि बहीण, दोघे भाचे, त्यांच्या बायका, आणि चार नातवंडें. या नातवंडांसाठीं सोप्यावर माशांची पेटी आली. निघण्यापूर्वीं बहिणीनें फोनवर बजावलें, “दादा, मुंबईस उतरशीलच, तर माशांच्या पेटीचा हीटर चांगला पाहून घेऊन ये. पण आजींच्या देखत पिशवींतून काढूं नकोस. त्यांनीं त्या वस्तूचें नांवच टाकलें आहे.” नांव कां टाकलें तें मला तिकडे गेल्यावर कळलें.

मांडवी एक्स्प्रेसनें मी रात्रीं मुंबईस उतरलों आणि दुसरे दिवशीं सकाळीं क्रॉफर्ड मार्केटकडे चालत निघालों. आज त्याचें नांव महात्मा जोतीबा फुले मंडई असें आहे. १८६९ सालीं उभी राहिलेली ही वास्तु विल्यम इमर्सन यांनीं आंखली, आणि तिच्या प्रवेशद्वारांवरील शेतकऱ्यांचीं शिल्पें लॉकवुड किपलिंग यांचीं आहेत. प्रसिद्ध ग्रंथकार रुडयार्ड किपलिंग यांचे हे वडील. १८८२ सालीं हिंदुस्थानांत विजेच्या दिव्यांनीं प्रथम उजळलेली इमारत हीच, असें सांगतात. विजेच्या एका लहानशा उपकरणासाठीं मी नेमका येथेंच यावें, हा योग मला गमतीचा वाटला. मंडईच्या आंत व भोवतीं पक्षी, ससे आणि मासे यांचीं दुकानें आहेत. कांचेच्या पेट्यांच्या भिंतीच्या भिंती, हवा भरून फुगविलेल्या पिशव्यांत एकेक दोन दोन मासे, आणि त्यांच्यासमोर नाक लावून उभीं राहिलेलीं मुलें! मुलांना तेथून ओढून नेणाऱ्या मातांची मला फार दया आली.

दुकानदार वयस्क आणि अनुभवी होता. त्यानें हातभर नव्हे, वीतभर लांबीची एक कांचेची नळी माझ्या हातीं दिली. आंत तारेचें वेटोळें, वरच्या टोकास अंश ठरविण्याची कळ, आणि एक बारीक दिवा. वीज वेटोळ्यांतून गेली कीं तें तापतें, आणि कांचेवाटें ती उष्णता पाण्यास मिळते. पाणी ठरविलेल्या अंशास पोंचलें कीं आंतील योजना प्रवाह तोडते; पाणी निवलें कीं पुन्हां जोडते. साध्या हीटरांत ही योजना दोन भिन्न धातूंच्या जोडपट्टीची असते. दोन धातु उष्णतेनें सारखे वाढत नाहींत, म्हणून पट्टी वांकते आणि स्पर्श सुटतो. हिलाच थर्मोस्टॅट म्हणतात. बारीक दिवा लागलेला असेल तर हीटर काम करीत आहे, विझलेला असेल तर विसांवा घेत आहे, असें समजावें.

ती नळी हातांत घेतांच मला वडवानलाची आठवण झाली. समुद्राच्या पोटांत घोडीच्या मुखाचा एक अग्नि जळत असतो अशी आपल्याकडील जुनी कल्पना आहे. महाभारताच्या आदिपर्वांत और्व ऋषीची कथा येते. त्याचा क्रोध सारें जग जाळूं पाहत होता. पितरांच्या सांगण्यावरून त्यानें तो समुद्रांत सोडला आणि त्याचाच हा अग्नि झाला. कथेचें मर्म असें कीं, जो अग्नि बाहेर अनर्थ करील, तोच पाण्याच्या पोटांत निमूटपणें नांदतो. कांचेच्या या नळीचा सारा धर्म या एका वाक्यांत आहे. ती पाण्यांत असेपर्यंत सेवक. पाण्याबाहेर तापूं लागली कीं तिचा भरंवसा नाहीं.

पेटीचें माप मीं विचारून आणलें होतें: दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर ५६ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जातां पन्नास धरावें. दुकानदार म्हणाला, “मास्तर, लिटरमागें एक वॅट हा साधा हिशेब. पण तो खोली पांच-सहा अंशांनीं गार असेल तेव्हांचा. नाशिकची थंडी वेगळी; तिथें दुप्पट धरा. आणि शंभराचा एक घेऊं नका, पन्नासाचे दोन घ्या.” मीं कारण विचारलें. तें इतकें सयुक्तिक होतें कीं, येथें मुद्दाम देतों. थर्मोस्टॅटचा स्पर्श वर्षानुवर्षें जुळतो आणि सुटतो. प्रत्येक वेळीं बारीकशी ठिणगी पडते, आणि केव्हां तरी तीं टोकें एकमेकांस चिकटून बसतात. मग हीटर थांबतच नाहीं. तो मोठा असेल तर रात्रींत मासे शिजतात. लहान असेल तर पाणी खोलीपेक्षां पांच-सहा अंशांनींच चढतें, आणि सकाळपर्यंत वेळ मिळतो. उलटपक्षीं दोहोंपैकीं एक बंद पडला, तर दुसरा निदान जीव राखण्यापुरती ऊब देतो. मीं दोन हीटर, दोन साधे तापमापक आणि हीटर कांचेस चिकटविण्याच्या रबरी वाट्या घेतल्या. मासे मात्र घेतले नाहींत. पौषांत पिशवींतले मासे घाट चढवून नेणें म्हणजे त्यांचा छळच.

सायंकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनें निघालों. कसाऱ्यास गाडीला मागून आणखी इंजिनें लागतात, कारण पुढें थळघाट आहे. १८६५ सालीं खुला झालेला हा लोहमार्ग ३७ फुटांस एक फूट असा चढतो. आपल्या देशांतील रुंद मार्गावरील अत्यंत कठीण चढांपैकीं हा एक. बोगदे, खोल दऱ्या, काळोखांत दूरवर एखादा दिवा. इगतपुरीस डब्याचें दार उघडलें आणि जी हवा आंत आली, तिनें मीं घाटावर आल्याची खात्री दिली. समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर आपण तासाभरांत येतों. समुद्राजवळ रात्र उबदार राहते, कारण समुद्र दिवसाची उष्णता हळूहळू सोडीत असतो. घाटावर आभाळ निरभ्र, हवा कोरडी. दिवसाची ऊब सूर्यास्तानंतर थेट आकाशांत निघून जाते.

नाशकांत त्या दिवसांत पहाटे पारा १० अंशांच्या खालीं जात होता. गोदाघाटावर पहाटे पाण्यावर वाफ तरंगतांना दिसे. एके दिवशीं थोरल्या भाच्यानें मला निफाडकडे नेलें. तो भाग द्राक्षांचा, आणि थंडीसाठीं सबंध महाराष्ट्रांत प्रसिद्ध. कडाक्याच्या रात्रीं शेतकरी मळ्यांत ठिकठिकाणीं शेकोट्या पेटवितात आणि पहाटे वेलींस विहिरीचें पाणी सोडतात. विहिरीचें पाणी भूगर्भांतून येतें, म्हणून हिंवाळ्यांत तें हवेपेक्षां उबदार असतें. त्या उबेनें मुळांजवळची जमीन गोठत नाहीं. द्राक्षांचे घोंस वांचविण्यासाठीं रात्रभर जागणाऱ्या त्या माणसांकडे पाहून मला वाटलें, अग्नि आणि पाणी यांची जोडी जुळविणें हें येथें कोणास नवें नाहीं. मात्र शेकोटीजवळ माणूस बसलेला असतो. घरांतील हीटरजवळ कोण बसतें?

याच प्रश्नाशीं आजींच्या रागाचें मूळ होतें. मागच्या पौषांत एका रविवारीं धाकट्या भाच्यानें पेटींतलें निम्में पाणी बदलण्यास काढलें. हीटरचा प्लग तसाच राहिला. पाणी उतरतांच नळी अर्धी उघडी पडली आणि कोरडीच तापली. वर गार पाणी ओततांच कांचेस केंसासारखी चीर गेली. ती कोणास दिसली नाहीं. सायंकाळीं पाण्यावर तरंगणारें एक पान काढावें म्हणून आजींनीं बोटें बुडविलीं, आणि त्यांना जबर झटका बसला. पायांत रबरी सपाता होत्या, उभ्या होत्या त्या कोरड्या लांकडी पाटावर, म्हणून निभावलें. नंतरच्या आठवड्यांत बहुतेक मासे थंडीनें मेले. पुढें उन्हाळ्यांत मुलांनीं हट्टानें नवे मासे आणले. पण हीटरला आजींनीं बंदी केली ती कायमची.

दोष कोणाचा, याचा मीं हळूच शोध घेतला. भाचा म्हणाला, “मला वाटलें वहिनींनीं प्लग काढला असेल.” थोरली सून म्हणाली, “मामा, मी तर स्वयंपाकघरांत होतें. मला वाटलें पाणी काढायचें तर ते काढतीलच.” मुलांना वाटलें, मोठीं माणसें पाहतील. एकत्र कुटुंबाचा हा मोठा गुण, आणि हाच मोठा दोष. दहा हात असल्यामुळें काम अडत नाहीं; आणि दहा हात असल्यामुळेंच तें कोणा एकाचें राहत नाहीं.

मीं आजींपाशीं विषय काढला. हीटर लपवून ठेवण्यापेक्षां त्यांच्यापुढें ठेवावा हें बरें, असें मला वाटलें. त्यांनीं नळी हातांत घेऊन पाहिली, चष्मा सारखा केला, आणि म्हणाल्या, “मास्तर, देवापुढचा नंदादीप या घरांत साठ वर्षें तेवतो आहे. त्याला दहा जण तेल घालीत असते, तर तो केव्हांच विझला असता, नाहीं तर घर तरी पेटलें असतें. तेल एकाच माणसानें घालायचें. माशांच्या पेटीला असा एक धनी नेमा, मग तुमचा हीटर लावा. नाहीं तर मासे तळ्यावर देऊन टाका.” वीज आणि यंत्र यांविषयीं मीं आजवर जें वाचलें, त्यांत याहून शहाणपणाचा नियम मला आढळला नाहीं.

तेव्हां घरांत ठरलें तें असें. थोरल्या सूनबाई धनी. त्यांच्यावांचून कोणीं पाण्यांत हात घालायचा नाहीं आणि प्लगला हात लावायचा नाहीं. त्यांची बारा वर्षांची मुलगी साक्षी. तिनें सकाळीं व रात्रीं तापमापक वाचून वहींत अंश लिहायचे. यंत्रास मात्र शिवायचें नाहीं. तापमापक हीटरच्या दुसऱ्या टोकास लावला. हीटरवरील आंकडा म्हणजे त्यानें दिलेलें आश्वासन. तापमापकावरील आंकडा म्हणजे घडलेली गोष्ट. आश्वासन आणि घटना यांत दोन अंशांचा फरक पडणें नवल नाहीं, म्हणून कळ फिरवावी ती तापमापकाकडे पाहून.

दुसरे दिवशीं वायरमनला बोलावून प्रथम विजेकडे पाहिलें. पेटीजवळच्या सॉकेटला अर्थिंग नीट आहे कीं नाहीं तें तपासलें, आणि घराच्या मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसविला. वीज कोठेंही, मग ती माणसाच्या अंगांतून कां असेना, जमिनीकडे गळूं लागली कीं हा स्विच क्षणार्धांत प्रवाह तोडतो. पुष्कळ हीटरांना दोनच पिनांचा प्लग असतो, म्हणजे अर्थिंगचा आधार मुळींच नाहीं. तेथें हा स्विच म्हणजे प्राणरक्षकच. त्याच्यावरील चांचणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. दुसरी लहानशी युक्ति अशी कीं, हीटरची वायर सॉकेटकडे सरळ खालीं उतरूं देऊं नये. ती आधीं सॉकेटच्याही खालीं झुलवून मग वर न्यावी. म्हणजे वायरीवरून ओघळणारें पाणी झोळाच्या तळाशीं टपकतें, सॉकेटांत शिरत नाहीं. याला पैसा पडत नाहीं.

मग हीटर बसविले. नळीवर पाण्याच्या किमान पातळीची खूण असते. पाणी कधींही तिच्या खालीं येतां कामा नये. संपूर्ण बुडणारा हीटर कोणता आणि डोकें वर ठेवावयाचा कोणता, हें पेटीवर लिहिलेलें असतें, तें वाचल्यावांचून बुडवूं नये. वाळूंत पुरूं नये, कारण पुरलेल्या भागाची उष्णता निघून जात नाहीं आणि कांच तडकते. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा प्रवाह जेथें वाहतो, तेथें लावावा. म्हणजे ऊब सगळीकडे पसरते. नळी पाण्यांत ठेवल्यावर अर्धा तास थांबावें, मग प्लग लावावा. काढतांना उलट क्रम: आधीं प्लग काढावा, अर्धा तास नळी निवूं द्यावी, मग पाण्याबाहेर घ्यावी. पाणी बदलणें, कांच पुसणें, मेलेलें पान काढणें, कोणतेंही काम असो, प्लग आधीं, हात मागून. सूनबाईंनीं प्लगवर लाल दोरा बांधला, म्हणजे इतर प्लगांत तो चुकून निवडला जाऊं नये.

पेटींतल्या पाण्याचा पारा पहिल्या सकाळीं १७ होता. मासे तळाशीं एका कोंपऱ्यांत पंख मिटून बसले होते. त्यांत एंजल दक्षिण अमेरिकेंतील अमेझॉनच्या खोऱ्यांतले, गप्पी त्याच खंडाच्या उत्तरेकडले, आणि एक बेटा सयाम म्हणजे आजच्या थायलंडकडला. सगळे उष्ण देशचे पाहुणे, ज्यांस २४ ते २७ अंशांचें पाणी मानवतें. मुलांस घाई झाली. “मामाआजोबा, कळ आणखी फिरवूं?” मीं त्यांस पाटी घ्यावयास लावली. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास सुमारें ४,२०० ज्यूल लागतात. पन्नास लिटरांस २,१०,०००. शंभर वॅट म्हणजे सेकंदास शंभर ज्यूल. भागाकार केला, २,१०० सेकंद आले, म्हणजे ३५ मिनिटें. आणि कांचेंतून जी उष्णता सारखी बाहेर जाते, ती धरतां त्याहून पुष्कळ अधिक. तेव्हां १७ चे २५ व्हावयास दिवस लागणारच, आणि तो लागलेला बरा. कारण माशांस एकाएकीं चढलेली ऊबही सोसत नाहीं. खर्चाचा हिशेबही झाला: दोन्ही हीटर मिळून दहा तास जळले तर एक युनिट. दुसऱ्या सायंकाळीं पारा २५ वर आला. एंजल पेटीच्या मध्यभागीं येऊन स्थिर उभे राहिले, आणि मुलांबरोबर आजीही पाहण्यास आल्या. मात्र हात पाठीमागें बांधून.

एके रात्रीं अकराच्या सुमारास वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाहीं. सूनबाईंनीं प्रथम प्लग काढले. मग पेटीभोंवतीं वर्तमानपत्रें व त्यांवर जुनी घोंगडी गुंडाळली, आणि झांकणाला श्वासापुरती फट ठेवली. दोन बाटल्यांत कोमट पाणी भरून, बुचें घट्ट लावून त्या पाण्यावर तरंगत सोडल्या. पहाटे पारा २१ होता. पन्नास लिटर पाणी सहजासहजीं निवत नाहीं. त्याला पांघरूण मात्र हवें. दर अर्ध्या तासानें झांकण उघडून पाहण्यानें ऊब निघून जाते, म्हणून मुलांस झोंपावयास पाठविलें.

हीटर बिघडला हें कसें ओळखावें, तेंही सांगून ठेवतों. पाणी गार आहे आणि दिवा लागत नाहीं: आधीं प्लग, सॉकेट आणि कळ पाहावी, तीं ठीक असतां दिवा न लागला, तर नळी संपली असें समजावें. दिवा सारखा लागलेला आहे, पण पाणी तापत नाहीं: एक तर हीटर थंडीच्या मानानें अपुरा आहे, नाहीं तर आंतील वेटोळें तुटलें आहे. दिवा विझतच नाहीं आणि पारा चढत आहे: स्पर्श चिकटला, ताबडतोब प्लग काढावा. नळीच्या आंत दंव दिसलें, तर कांचेस चीर आहे किंवा वरचें बूच सैल झालें आहे. तो हीटर पुन्हां वापरूं नये. उघडून दुरुस्त करण्याचा मोह तर मुळींच धरूं नये. बाहेरून पांढरा थर चढला असेल, तर तो पाण्यांतील क्षारांचा. प्लग काढून, नळी निववून, बाहेर घेऊन, लिंबाच्या रसानें अलगद पुसावी व स्वच्छ पाण्यानें धुवावी. आणि पाण्यास हात लावतां नुसत्या मुंग्या आल्या, तरी “थोडेंसेंच आहे” असें म्हणूं नये. पेटीस पुन्हां स्पर्श न करतां मुख्य स्विच बंद करावा, आणि मग प्लग काढावा.

मी रत्नागिरीस परतलों त्यानंतर महिन्याभरानें सूनबाईंचा फोन आला. फेब्रुवारीचा शेवट, दुपारीं ऊन तापूं लागलेलें. मुलगी शाळेंतून आली आणि संवयीनें तापमापकाकडे गेली. पारा ३० च्या जवळ, तरीही एका हीटरचा दिवा लागलेलाच. तिनें हात लावला नाहीं. आईस हांक मारली. सूनबाईंनीं प्लग काढला, झांकण उघडलें, हवेचा पंप चालू ठेवला. मासे पृष्ठाशीं येऊन तोंडें उघडीत होते. उष्ण पाण्यांत प्राणवायु कमी मुरतो: २० अंशांस लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम, ३० अंशांस साडेसात. धाकट्या भाच्यानें बर्फ आणण्याची तयारी केली, ती आजींनींच थांबविली. “चढलें तसें हळूच उतरूं दे,” त्या म्हणाल्या. साध्या पाण्याचे चार तांबे थोड्या थोड्या वेळानें घातले, आणि रात्रीपर्यंत पारा २६ वर आला. एकही मासा गेला नाहीं. हीटर पन्नासाचा होता, म्हणून वेळ मिळाला. वही होती, म्हणून तो वेळ वायां गेला नाहीं. चिकटलेला हीटर आजींनीं स्वतः वायर कापून टाकावयास लावला, म्हणजे दुसरें कोणी उचलून वापरूं नये.

पुणें, नगर, नागपूर, जेथें जेथें हिंवाळा बोंचरा आहे आणि घरांत अशी पेटी आहे, तेथील वाचकांस माझें सांगणें एवढेंच आहे कीं, थंडी पडण्यापूर्वीं, कार्तिकांतच, हीटर, सॉकेट आणि तापमापक तपासून घ्यावे, आणि घरांतील एका माणसाचें नांव ठरवावें. असें माणूस मिळत नसेल, तर हीटर लागणारे मासे आणूंच नयेत. चीनकडून आलेला सोनमासा आणि आपल्याच गंगेच्या खोऱ्यांतला चट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा हे दोघेही थोड्या गारठ्यांत सुखानें राहतात. सोनमाशास जागा मात्र ऐसपैस द्यावी. आणि तेवढीही सवड नसेल, तर मुलांचा हात धरून नदीवर जावें. पौषांतल्या कोंवळ्या उन्हांत गोदावरीच्या घाटावर मूठभर चुरमुरे टाकले कीं, जे मासे वर येतात, त्यांना पाहून मुलांचें मन तितकेंच रमतें. आणि त्यांच्या उबेची व्यवस्था पाहणारा सूर्य आजवर एक दिवसही विसरलेला नाहीं.